मांडीखालचे हात

अंघोळ झाली आहे. केसांचं पाणी अजून पाठीला गार लागतं आहे. पाटासमोर आसन घातलं आहे, भस्माची डबी उघडून ठेवली आहे, आणि मी बेलाची वाट बघत बसले आहे. बेल रोज वसतिगृहाच्या राखणदाराची बायको, रुक्मव्वा, आणून देते. ती उंबऱ्यावर ठेवते आणि जाते. बेल आल्याशिवाय मी गळ्यातली करडगी उघडत नाही. चांदीची छोटी डबी आहे ती, तिच्यात माझं इष्टलिंग असतं. ते डाव्या तळहातावर घ्यायचं, पूजा करायची. आणि पूजा होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. हे मौन आईने दिलेलं. शाळेत जायला लागले तेव्हापासून ते कधी मोडलेलं नाही.

आज रुक्मव्वाला उशीर होतो आहे. मी भिंतीला पाठ टेकते. बाहेर उजाडत आलं आहे. पापण्या मिटत नाहीत, नुसत्या जड होतात, आणि समईची वात दोन दिसायला लागते.

आमच्या शाळेच्या मोठ्या बाई, लिमयेबाई, गेल्या त्याला आता काही महिने झाले. मी रडलेले नाही. रडू दाबून धरलंय असंही नाही. दाताच्या डॉक्टरांनी सुई दिल्यावर ओठ जसा होतो, तसं झालं आहे. आपलाच ओठ, पण हात लावला तर दुसऱ्या कुणाचा तरी वाटतो. मुलं जेवतात, घंटा होते, मी वर्गावर जाते. सगळं नीट चालतं. माझ्यापर्यंत मात्र काही येत नाही.

आज दुपारी अमृताचा शेवटचा पाठ आहे. कर्णबधिर मुलांना शिकवायचं तर नुसतं प्रेम असून भागत नाही, त्याची पदविका लागते, नोंदणी लागते. आमच्या शाळेला जोडून तो वर्ग आहे, आणि तो बाईंनीच उभा केलेला. वर्षभर अभ्यास, सराव, आणि शेवटी हा पाठ. परीक्षक मागच्या बाकावर बसतात, समोर मुलं असतात, आणि छात्रशिक्षिकेने शिकवायचं असतं. इतकी वर्षं आतल्या परीक्षक बाई होत्या. आता मी आहे. बाहेरून येणारे सर कोल्हापूरचे आहेत. पाठ झाला की माझ्याकडे वळून ते विचारतील, “काय म्हणता, महादेवीबाई?” मी म्हणेन तसंच ते लिहितील.

अमृता खोत स्वतः बहिरी आहे. अगदी लहान होती तेव्हा आमच्याकडे आली. आमच्या वर्गाची ती पहिली बहिरी छात्रशिक्षिका. प्रवेश तिला नियमाने मिळाला, बाईंनी अडवला नाही, पण “पाठ मात्र माझ्या पद्धतीने घ्यायचा,” असं बजावलं होतं. बाईंची पद्धत म्हणजे ओठ. मुलाने शिक्षिकेच्या ओठांकडे बघायचं आणि स्वतः बोलायचं. हातवारे करायचे नाहीत. छोट्यांचे हात वळवळतात म्हणून बाईंनी सवय लावली होती, खुर्चीवर बसताना हात मांडीखाली. हल्ली अभ्यासक्रमात खुणांची भाषा आहे. तिचा पेपरही असतो. पण आमच्या शाळेच्या वर्गात हात उठत नाही.

काल संध्याकाळी अमृता माझ्याकडे आली. तिचा आवाज खालून निघतो आणि मधेच उंच चढतो, ऐकायची सवय लागते. ती म्हणाली, “बाई, माझे ओठ मुलांना कळत नाहीत. तोंडाने शिकवलं तर मुलं नुसती बघत बसतील, मी नापास. हातांनी शिकवलं तर पद्धत मोडली, तरी नापास. मी कशाने शिकवू?”

मी तिला म्हटलं, सकाळी सांगते.

दार वाजत नाही. ते नुसतंच उघडं असतं, आणि बाई आत येतात.

पायांत चपला आहेत. देवघरात चपला घालून येणं ही त्यांची जुनी खोड. पुण्याच्या शिक्षकाच्या घरात वाढलेल्या, पण देव त्यांनी तरुणपणीच सोडला होता. मी भस्म पुढे केलं की म्हणायच्या, राख आहे ती महादेवी, भांडी घास तिने. अंगावर तीच करड्या किनारीची साडी आहे. केस मात्र विंचरलेले, दवाखान्यात होते तसे नाहीत.

“उठला का तुझा देव?” त्या विचारतात.

हे त्या रोज विचारायच्या, हजेरीच्या वेळी. मी उत्तर द्यायला तोंड उघडते आणि पुन्हा मिटते. पूजा झालेली नाही. मी गळ्यातल्या करडगीवर हात ठेवते, मग बोट ओठांवर.

“मेलेल्या बाईशीही बोलायचं नाही? कडक आहे बाई तुझं सगळं.”

त्या हसतात आणि खुर्चीवर बसतात. माझ्या देवघरात खुर्ची नाही. ही लाल रंगाची, ठेंगणी, बालवर्गातली खुर्ची आहे. बाई तिच्यात मावत नाहीत, गुडघे वर आले आहेत. मीही तसल्याच खुर्चीवर आहे आणि आमच्या दोघींच्या समोर बोलायला शिकवण्याचा मोठा आरसा आहे. भिंतीवर कानांत घालायचे फोन खुंट्यांना टांगले आहेत, त्यांच्या वायरी अजून हलताहेत, जणू आत्ताच मुलं काढून गेली. समई कोपऱ्यात आहे. भस्माची डबी माझ्या मांडीवर आहे.

बाईंनी दोन्ही हात मांडीखाली घातले आहेत.

मी ते बघते. मला त्यात काही वावगं वाटत नाही. वर्गात सगळेच तसे बसतात.

“कागद आण,” त्या म्हणतात.

कागदाची पट्टी माझ्या हातातच आहे. ‘प’ शिकवताना ती ओठांसमोर धरायची. नीट ‘प’ आला तर कागद हलतो, मुलाला दिसतं की आपल्यातून काहीतरी बाहेर पडलं. मी पट्टी बाईंच्या ओठांसमोर धरते. त्या म्हणतात, “पाणी.” मला ऐकू येतं. कागद हलत नाही.

“पाणी,” त्या पुन्हा म्हणतात. कागद तसाच.

“राहू दे,” त्या म्हणतात. “अमृताची गोष्ट सांगते, ऐक.”

ती गोष्ट मला पाठ आहे. पदविकेच्या प्रत्येक तुकडीला बाई पहिल्या दिवशी तीच सांगायच्या. उन्हाळ्याचे दिवस, अमृता चार वर्षांची, माठाकडे बोट दाखवते. बाई माठासमोर उभ्या राहतात. बोट खाली, ‘पाणी’ म्हण, मग पाणी. अमृता रडते, बाईंची साडी ओढते, जमिनीवर लोळते. बाई हलत नाहीत. मधली सुट्टी होते, संपते. आणि मग ती पोर, ओठ सुकलेले, उभी राहते, आणि तिच्या तोंडातून ‘पा’ येतं. बाई तिला पाणी देतात, आणि स्वतः माठाआड तोंड करून रडतात. मुली ऐकताना डोळे पुसायच्या. बाई सांगायच्या, दया आली की आपल्या हातून शिकवणं सुटतं, ती आवरायला शिकायचं, ट्रेनिंग म्हणतात ते हेच.

त्या आत्ता ती गोष्ट सांगत नाहीत. चालायला लागल्या आहेत, मीही त्यांच्या मागे आहे, आणि हात अजून मांडीखाली असल्यासारखे त्यांनी मागे बांधले आहेत.

वाद्यं करणाऱ्यांची गल्ली आहे. मिरजेत आमची शाळा आहे तिथून ही जवळच. दुकानांच्या पुढे भोपळे टांगले आहेत, तंबोऱ्याचे, सतारीचे, काही नुसते कापून वाळत घातलेले. ट्रेनिंगचा पहिला धडा बाई इथे घ्यायच्या. सगळ्या छात्रशिक्षिकांच्या कानांत मेणाचा कापूस घालून इथे आणायच्या आणि तंबोऱ्याच्या भोपळ्याला गाल लावायला सांगायच्या. कारागीर तार छेडायचे. ऐकू काही यायचं नाही, गालाला मात्र थरथर लागायची. “तुमच्या मुलांना जग एवढंच लागतं,” बाई सांगायच्या. मग तशाच कापूस घातलेल्या मुलींना मंडईत भाजी आणायला पाठवायच्या. काही मुली रडत परत यायच्या. एक तर कोथिंबिरीऐवजी अंबाडी घेऊन आली होती, आणि पुढे कित्येक दिवस तिला अंबाडीबाई म्हणत.

गल्लीत आज कुणी नाही. भोपळे मात्र अगदी सावकाश फिरताहेत. पृथ्वीचा गोल फिरवून सोडून दिला की शेवटी फिरतो, तसे.

बाई एका भोपळ्याला गाल लावतात. डोळे मिटतात.

“काही लागत नाही गं,” त्या म्हणतात.

मी दुसऱ्या बाजूने गाल लावते. भोपळा गार आहे. तारेवर कुणाचं तरी बोट फिरतं आहे, मला ते दिसतं आहे. मलाही काही लागत नाही.

मी तसं हातानेच सांगते. गालाला हात, मग हात उताणा, रिकामा. बाई बघतात आणि नेहमीसारख्या म्हणतात, “हात खाली, महादेवी.” मी हात खाली घेते. मग मला बेलाची आठवण होते, पूजा व्हायची आहे, मला दुसरं काही करता येत नाही. मी हात परत वर घेते.

त्यांना हसू येतं. “रोज सकाळी दूधवाल्याला कसं सांगतेस, अर्धा लिटर?”

मी दाखवते. बोटाच्या पेरावर अंगठा.

“आणि पोरांना? दात घासा, अंथरुणं काढा?”

मी तेही दाखवते. वसतिगृहात मीच असते. सकाळी मुलं माझ्याभोवती असतात आणि मी बोलत नसते, त्यामुळे ती माझ्याशी हातांनी बोलतात, मी त्यांच्याशी. वर्गाची घंटा झाली की आम्ही सगळेच हात आवरतो. त्यात कधी कुणी काही नियम मोडला असं मला वाटलं नाही. ते व्रत होतं.

“मला माहीत होतं,” बाई म्हणतात. “खिडकीतून दिसायचं.”

खिडकी आहे. खिडकीला हिरवा पडदा आहे, दवाखान्याचा. भोपळे सलाईनच्या बाटल्यांच्या जागी टांगले आहेत. बाई पलंगावर आहेत, पण त्याच ठेंगण्या लाल खुर्चीवर बसल्यासारख्या, गुडघे वर. डोक्यावर पंखा फिरतो आहे. सकाळची वेळ आहे आणि मी भस्म लावून, पूजा करून आले आहे, असं मला वाटतं, पण मग तोंड का उघडत नाही ते कळत नाही.

त्यांना झटका आला होता. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडून शब्द काढले, त्यांच्या तोंडून एक शब्द येईना. डावा हात तेवढा चालायचा. तो त्या दुलईखाली ठेवायच्या. अगदीच राहवलं नाही तर बाहेर काढायच्या आणि एक बोट फिरवायच्या, गोल. मला वाटायचं कूस बदलायची आहे. मी आणि नर्स मिळून त्यांना वळवायचो. थोड्या वेळाने पुन्हा बोट. आम्ही पुन्हा वळवायचो.

“पोळीसारखी उलटवत होता तुम्ही मला,” बाई म्हणतात. “दोन्ही अंगांनी भाजून काढलंत. आणि मला वाजत होती थंडी.”

मी वर बघते. पंखा.

“अमृता आली होती,” त्या म्हणतात.

आली होती. मी तिथेच होते. दारात उभी राहिली, तिने बाईंच्या बोटाकडे एकदा बघितलं, आणि आत येता येता भिंतीवरचं बटण दाबलं. पंखा थांबला. मला वाटलं, तिलाच गार लागत असेल. मग ती पलंगाशी बसली आणि बाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. ती संध्याकाळपर्यंत बसून होती, बाईंनी तिच्याकडे बघितलं नाही. दोन दिवसांनी त्या गेल्या. अमृता मला एकदाच म्हणाली, “बाई माझ्यावर रागावल्या. मी शिक्षिका होणार म्हणून रागावल्या.” मलाही तसंच वाटलं होतं.

मी हातांनी विचारते. अमृताचं नाव कसं दाखवायचं ते मला माहीत आहे, मुलं दाखवतात, ओंजळ तोंडाकडे. मग राग, कपाळावर आठी. मग हात उघडा. रागावला होतात?

बाई हात खाली म्हणत नाहीत.

“मी तिला माठापाशी तासन्‌तास उभी केली,” त्या म्हणतात. “बोटाने मागितलं तर द्यायचं नाही. तहान लागली तरी नाही. मीच शिकवलं तिला ते. आणि तिने मी न म्हणता पंखा बंद केला.”

पंखा थांबलेला आहे. त्याची पाती कागदाच्या पट्ट्यांची आहेत.

“मग मी कुठे बघायचं, सांग. भिंत होती, भिंतीकडे बघितलं.”

मला वाटतं, आता मला काहीतरी व्हायला हवं. घशात यायला हवं. मी वाट बघते. भोपळ्याला गाल लावून थांबतात तशी थांबते. काही येत नाही. मी त्यांच्या पायांवरची दुलई नीट करते, कारण ते मला करता येतं.

मग मी विचारते ते, ज्याच्यासाठी त्या आल्या असं मला आत्ता समजतं. दुपारी पाठ आहे. ती कशाने शिकवेल? मी काय म्हणू?

बाई बोलतात. ओठ हलतात, पण आवाज नाही. मी कानाकडे हात नेते. त्या पुन्हा बोलतात, सावकाश, ओठ मोठे करून, लहान मुलाशी बोलतात तसं. आम्ही पुन्हा आरशासमोर आहोत, आणि आरशातल्या बाईंचेही ओठ हलताहेत. इतकी वर्षं त्यांच्या शेजारी बसून मी मुलांना ओठ वाचायला शिकवलं, आणि मला एक अक्षर लागत नाही. मी मान हलवते. त्या पुन्हा. मी पुन्हा मान हलवते. त्यांच्या चेहऱ्यावर जे येतं ते मी हजारदा बघितलं आहे, खुर्चीवर बसलेल्या मुलांच्या चेहऱ्यावर. बाईंच्या कधी नाही.

त्या मांडीखालून हात काढतात.

आधी डावा, मग उजवा, जो दवाखान्यात मेला होता तोही. हातांवर खुर्चीच्या वेताचे वळ उठलेले आहेत. किती वेळ बसल्या होत्या कोण जाणे. त्या हात चोळतात, मुंग्या आल्यावर चोळतो तसे. आणि उजव्या हाताची तीन बोटं कपाळावरून आडवी ओढतात.

ते माझं नाव आहे. मुलांनी ठेवलेलं. सकाळी भस्म लावलेलं कपाळ दिसतं, त्यावरून. बाईंसमोर कुठल्याही मुलाने ते कधी काढलं नव्हतं.

महादेवी, अशी हाक मारतात मला त्या, हाताने.

मग पुढे वाकतात, माझ्या मांडीवरच्या डबीत तीच तीन बोटं बुडवतात. राख म्हणायच्या त्या. माझा उजवा हात धरून पालथा करतात. भस्म आधी गार लागतं, मग कोरडं.

उंबऱ्यावर बेल आहे. पानांच्या द्रोणात, पाणी शिंपडलेला. रुक्मव्वा नाही, अमृता उभी आहे. तिला राहवलं नसेल, म्हणून बेल तिनेच आणला. इस्त्रीची साडी नेसली आहे, छात्रशिक्षिकांची, पांढरी. समई तशीच आहे. बाहेर पूर्ण उजाडलं आहे आणि वसतिगृहाच्या नळावर बादल्यांचा आवाज होतो आहे.

“बाई,” ती म्हणते. आवाज खालून निघतो, उंच चढतो. “कशाने शिकवू?”

मी उत्तर द्यायला हात उचलते आणि थांबते. माझ्या उजव्या हातावर, पालथ्या बाजूला, भस्माच्या तीन रेघा आहेत. आडव्या, सरळ, एकमेकींना न चिकटलेल्या. मी कपाळाशिवाय कुठे भस्म लावत नाही. माझी बोटं मी उलटी करून बघते, दोन्ही हातांची. अंघोळीनंतरची, धुतलेली, स्वच्छ.

अमृता माझ्या ओठांकडे बघत उभी आहे. सवयच तशी लावलेली आहे तिला. पूजा व्हायची आहे, ओठ उघडणार नाहीत, हे तिला लहानपणापासून ठाऊक आहे, तरी ती तिथेच बघते. वर्गाची साडी नेसली की तिच्यासाठी वर्ग सुरू होतो.

मी तिची हनुवटी धरते आणि नजर खाली आणते. हातांकडे.

मग सांगते. हातांनी शिकव. मुलं तुझ्याकडे बघतील. मी मागच्या बाकावर आहे, सरांनी विचारलं तर मी बोलेन. ‘बोलेन’ दाखवताना हात ओठांपासून पुढे न्यावा लागतो, तेव्हा रेघा तिच्या डोळ्यांसमोरून जातात. ती बघते. काही विचारत नाही. आणखी एक सांगायचं असतं, पंख्याचं, भिंतीचं. ते मी बोट गोल फिरवून सुरू करते, आणि तिला पहिल्या फेऱ्यातच कळतं. ती उंबऱ्यावर खाली बसते, बेलाच्या शेजारी.

मला अजून काही होत नाही. ती रडते, मी तिच्या डोक्यावर डावा हात ठेवते. मग बेल आत घेते, करडगी उघडते, इष्टलिंग तळहातावर घेते.

पाठ दुपारी आहे. तोवर उजव्या हाताची ती बाजू पाण्याला लावायची नाही, एवढं एक व्रत मी त्यात आणखी घेते.